घाबरू नको, खरं सांग!

लहान मुलाचा जबाब घेताना पोलिसाने गणवेश घालू नये, असा आपल्या देशात कायदा आहे. थट्टा नव्हे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा, कलम २४. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू; सरकारने बालदिनाचा मुहूर्त साधला होता. याच कलमात पुढे आहे की जबाब मुलाच्या घरी घ्यावा किंवा मूल म्हणेल तिथे घ्यावा. होता होईल तो महिला अधिकाऱ्याने घ्यावा आणि तिचा दर्जा फौजदाराच्या खालचा नसावा. आरोपी मुलाच्या समोर येऊ नये. आणि कारण काहीही असो, मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये.

हे वाचून वाटतं, कायदा लिहिणारा कधी सोलापुरात उतरला नसावा. साखर पेठेत साध्या वेशातला पोलीस शिरला की गल्ली त्याला बुटांवरून ओळखते, केसांवरून ओळखते, आणि दोन्हींनी नाही जमलं तर गाडी स्टँडवर लावायच्या त्याच्या ऐटीवरून ओळखते. तो कडी वाजवेपर्यंत समोरच्या ओट्यावर विड्या वळत बसलेल्या चारही जणींना बातमी लागलेली असते. "कुणाकडं आलेत की?" एवढा एकच प्रश्न, पण तो संध्याकाळपर्यंत अशोक चौकात पोचतो. शिवाय गणवेश खुंटीला टांगता येतो, आवाज कुठे टांगायचा? "काय नाव तुझं?" हे तीन शब्द गेली वीस वर्षं ज्या घशातून पाकीटमारांना ऐकवले, त्याच घशातून ते सहा वर्षांच्या पोरीला ऐकवायचे असतात.

बरं, घरी म्हणजे नेमकं कुठे? विडी घरकुलातल्या दीड खोलीत आई समोर, आजी कान टवकारून, धाकटा भाऊ पायात. अशा प्रकरणांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे दरवर्षी सांगतात. म्हणजे ज्या घरात जबाब घ्यायचा, त्याच घराच्या दोरीवर कधी कधी आरोपीचा टॉवेल वाळत असतो. कायद्याने म्हणूनच दुसरी वाट ठेवली: मूल म्हणेल ती जागा. "बाळ, तुला कुठं बसून बोलायला बरं वाटेल?" असं पोरीला विचारून तिच्या उत्तराची वाट बघणारा अधिकारी कुणाला भेटला तर कळवा. माझ्यातर्फे त्याला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर ताक.

पण एकट्या पोलिसाला धरून काय उपयोग? पोरांना प्रश्न विचारायची आपली सगळ्यांचीच रीत बघा. पाहुणा घरात आला की पहिला प्रश्न, "आई जास्त आवडते का बाबा?" दोन्ही साक्षीदार समोर बसवून घेतलेली ही उलटतपासणी. मग पाढे. मग "मोठेपणी कोण होणार?" आणि पोरगं तोंड उघडतंय तोवर पाहुणा पोह्यांकडे वळलेला. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर चुकलेलं पोर सापडलं की दहा माणसं गोल करून उभी राहतात. "बाबांचं नाव काय?" पोर म्हणतं, "पप्पा." "राहतो कुठं?" "घरात." "घर कुठंय?" "दुकानाजवळ." तिन्ही उत्तरं शंभर टक्के बरोबर. तरी गर्दीचा निकाल असा की पोराला काही सांगता येत नाही.

पोक्सोतली जबाबाची सगळी कलमं मी सलग वाचली तेव्हा ध्यानात आलं की त्यांत मुलासाठी एकही सूचना नाही. मुलाने असं बोलावं, तसं बसावं, नीट आठवून सांगावं, असलं काही नाही. सगळ्या सूचना मोठ्यांना आहेत, आणि त्यातल्या निम्म्याअधिक गप्प बसण्याच्या आहेत. मोठी माणसं दुसरं काहीही शिकतील.

समजा, एखाद्या पोरीच्या बाबतीत नको ते घडलं. पहिली विचारते आई. घाबरू नको, खरं सांग. आई बापाला सांगते, बाप पुन्हा विचारतो. आता आवाज चढलेला. मामाला फोन जातो. मामा येतो आणि तोही विचारतो, कारण एवढ्या लांबून आलाय. आजी विचारते आणि वर बजावते, "कुणाला बोलू नको." मग शाळा. आधी बाई, मग मुख्याध्यापक, मग संस्थेचे सचिव. सचिवांचा प्रश्न पोरीला नसतो, पालकांना असतो: "शाळेच्या आवारातच घडलं, हे नक्की का?" मग नगरसेवक, माजी असो की भावी; कारण ज्या गावात नळाचं पाणी नगरसेवकाला हाक मारल्याशिवाय येत नाही तिथे न्याय कुठला यायला. मग ठाणे अंमलदार, मग महिला फौजदार. मग सिव्हिलमध्ये डॉक्टर. त्यांना 'हिस्ट्री' लिहायची असते. मग बालकल्याण समिती. मग मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब. जुलै २०२४ पासून नव्या संहितेत त्याचा नंबर १८३ झाला, पण कोर्टाच्या आवारात तो अजून 'एकशे चौसष्ट'च आहे. मग समुपदेशक. सरतेशेवटी कोर्ट, तिथे सरकारी वकील, आणि त्यानंतर आरोपीचे वकील.

यातला प्रत्येक जण "घाबरू नको" म्हणूनच सुरुवात करतो. पाचव्यांदा हे ऐकल्यावर पोरीला पक्कं कळतं की घाबरण्यासारखं काहीतरी आहे.

मुलाला साक्षीसाठी पुन्हा पुन्हा बोलावू नये, हे कलम ३३ मध्ये लिहिलेलं आहे. कोर्टाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि जमेल तोवर वर्षभरात खटला संपावा, हे कलम ३५ मध्ये. पण कोर्टाच्या दारात पोचण्याआधी जे डझनभर जबाब गल्लीत, शाळेत, ठाण्यात होऊन गेले, त्यांना कलम नाही. आणि त्यांचा हिशेब शेवटी पोरीकडूनच मागितला जातो. पहिल्यांदा ती 'काका' म्हणाली, चौथ्यांदा 'तो दादा' म्हणाली. पहिल्यांदा म्हणाली मधल्या सुट्टीत, सातव्यांदा म्हणाली डबा खाल्ल्यावर. वकीलसाहेब उठून 'कॉन्ट्राडिक्शन' दाखवतात. आधीच्या जबाबात एखादी गोष्ट राहून गेली असेल तर त्याला 'ओमिशन'. मोठ्या माणसाने नवव्यांदा सांगितलेली कुठलीही गोष्ट पहिल्यापेक्षा रंगलेली असते आणि आपण तिला किस्सा म्हणून टाळ्या देतो. पोरीने तेच केलं की विसंगती.

आता जबाबाच्या भाषेकडे येऊ. मूल जसं बोललं तसंच लिहावं, असं कायदा एकदा नाही, दोनदा सांगतो. मॅजिस्ट्रेटला कलम २५ मध्ये, आणि पुन्हा कलम २६ मध्ये पोलीस आणि मॅजिस्ट्रेट दोघांना. दोनदा सांगावं लागलं यातच सगळं आलं. कारण आपल्या ठाण्यातली लेखणी एकदा चालू झाली की बालवाडीतलं पोर असं बोलतं: "मी वरील ठिकाणी आई-वडिलांसह एकत्रित राहण्यास असून बालवाडीत शिक्षण घेते. सदर दिवशी मी शाळेत हजर असताना सदर इसमाने माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले. माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे." ज्या पोरीला 'र' म्हणता येत नाही, तिच्या सांगण्याप्रमाणे बरोबर!

हा नुसता विनोद असता तर सोडून दिला असता. पण इथे खटले मरतात. पोरगी शरीराच्या अवयवाला घरात शिकवलेला शब्द वापरते. 'शूची जागा' म्हणते, किंवा आजीने ठेवलेलं काहीतरी लाडाचं नाव. लिहून घेणाऱ्याला तो शब्द कागदावर उतरवायची लाज वाटते, म्हणून तो 'गुप्तांग' लिहितो. वर्षभराने तोच कागद हातात धरून आरोपीचा वकील विचारतो, 'गुप्तांग' हा शब्द पाच वर्षांच्या मुलीला कुठून कळला? तिला पढवलंय. आणि वकिलाचं चुकलेलं नसतं. तो शब्द पोरीचा नव्हताच. पोरीच्या तोंडचा तो वेडावाकडा शब्दच तिचा सगळ्यात भक्कम पुरावा होता, आणि आपण तो शुद्धलेखन सुधारावं तसा सुधारून टाकला.

यावर उपाय म्हणून कायद्याने जबाबाचं चित्रीकरण करायला सांगितलंय, 'शक्य असेल तेथे'. या तीन शब्दांत सरकारी खात्याचा संसार मावतो. तलवारीने वाढदिवसाचा केक कापल्याचा व्हिडिओ गल्लीतला कुठलाही पोरगा बारा कोनांतून काढू शकतो. तिथे सगळं शक्य असतं.

सोलापूरची आणखी एक खासियत. इथे पोर घरात तेलुगू बोलतं, शाळेत मराठी, गल्लीत दखनी, आणि आजोळी अक्कलकोटला गेलं की कन्नड. पद्मशाली घरातलं पोर रडतं एका भाषेत आणि पाढे म्हणतं दुसऱ्या. तांड्यावरच्या, वडार वस्तीतल्या, सेटलमेंटमधल्या पोरांची गोष्ट निराळीच. पारधी, कैकाडी, बंजारा बोलीत जे सांगितलं जाईल ते ठाण्यात कळणार कुणाला? सेटलमेंटच्या बाबतीत तर आणखी एक अडचण. जिथे इंग्रजांनी 'गुन्हेगार जमाती' म्हणून माणसं काटेरी तारेच्या आत कोंडली, त्या वस्तीत साध्या वेशातला पोलीस आला काय किंवा गणवेशातला आला काय, पोरं आधी पळतात. ती पाठ तीन पिढ्यांपासून आहे.

कायद्याने दुभाषा द्यायला सांगितलंय, विशेष शिक्षक द्यायला सांगितलंय. २०२० च्या नियमांनी तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला दुभाष्यांची, तज्ज्ञांची नोंदवहीच ठेवायला लावली आहे. एरवी दुभाषा कसा मिळतो ते आपल्याला ठाऊक आहे. "ए, तेलुगू कुणाला येतंय बे?" जो हात वर करतो तो दुभाषा. तो पोरीच्या बापाचा मालक निघाला, किंवा आरोपीच्या भावकीतला, तरी त्याला तेलुगू येतं एवढं खरं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात हे सगळं राज्याने एका जागी पाहिलं. बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेत अत्याचार. शाळेने कळवायला हवं होतं, कळवलं नाही. पालक ठाण्यात तासन्‌तास ताटकळले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा कुठे राज्याला जाग आली. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठापुढे जे बाहेर आलं, त्यात बाकी सगळ्याबरोबर हेही होतं की दुसऱ्या मुलीचा जबाब तोवर घेतलाच नव्हता, आणि जबाबासाठी कुटुंबाला ठाण्यात बोलावलं गेलं. घरी जाऊन जबाब घ्यावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. कायदा तेव्हा बारा वर्षांचा होत आला होता. बदलापूरच्या त्या मुलींपेक्षा बराच मोठा.

मग सरकार हललं. २१ ऑगस्टला शासन निर्णय निघाला: शाळांत सीसीटीव्ही, सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी. तक्रारपेटी! प्रकरण बालवर्गातल्या मुलींचं. ज्यांना अजून पाटीवर सरळ रेघ मारता येत नाही त्यांनी अर्ज लिहायचा, घडी घालायची आणि पेटीत टाकायचा. तोही पेटी भिंतीवर त्यांच्या हाताला येईल इतकी खाली असेल तर. किल्ली कुणाकडे? मुख्याध्यापकांकडे.

महिन्याभराने, २३ सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या गाडीतच पोलिसांच्या गोळीने मेला. मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले, पेढे वाटले गेले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने त्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांवर ठपका ठेवला. त्या दोघींना शांत खोलीत बसवून, पडद्याआड, मधेमधे थांबत, त्यांच्या शब्दांत बोलू द्यायची सगळी सोय कायद्यात होती. ती लागलीच नाही. गोळी झाडायला जबाबाची गरज नसते.

कोर्टापर्यंत पोचलेल्या पोराची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. लहान साक्षीदार पिंजऱ्यात आला की आधी न्यायाधीश त्याला काही प्रश्न विचारून पारखतात. कायदा म्हणतो, प्रश्न कळतोय का आणि ताळ्यावर उत्तर देता येतंय का एवढंच बघा. वयाची अट नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ११८ होतं, नव्या कायद्यात १२४ झालं. पण वहिवाटीने चालत आलेले प्रश्न भलतेच असतात. देव कुठे असतो? खोटं बोललं की काय होतं? आता ज्या पोराला काल संध्याकाळीच आईने दारात पाठवलंय, "सांग वसुलीवाल्याला, बाबा गावाला गेलेत," आणि बाबा आत चहा पीत होते, त्याने खोटं बोललं की काय होतं याचं काय उत्तर द्यावं? प्रामाणिक उत्तर "काही होत नाही" असंच आहे. आणि प्रामाणिक उत्तर दिलं तर साक्षीदार नापास.

खरं तर हा घोळ १९५१ सालीच मिटला होता. राजस्थानातल्या एका आठ वर्षांच्या मुलीला शपथ म्हणजे काय ते कळत नव्हतं, म्हणून तिची साक्ष बाद धरावी का, असा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे आला. आपल्या नागपूरहून गेलेल्या न्या. व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला की शपथ दिली नाही म्हणून साक्ष बाद होत नाही. मुलाला खरं बोलायचं आहे एवढं उमगतंय याची न्यायाधीशाला खात्री हवी. १९६९ च्या शपथ कायद्यातही बारा वर्षांखालच्या मुलांना ही सवलत आहे. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा एकदा सांगावं लागलं की साक्षीदाराला किमान वय नसतं. त्या खटल्यात सात वर्षांच्या मुलीने आपल्या आईचा खून बघितला होता. हायकोर्टाने तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

आता दुसरी बाजू, नाहीतर वकील मंडळी मला पार्क चौकात गाठतील. पोरं पढवली जातात का? जातात. नवरा-बायकोच्या भांडणात, बांधाच्या वादात जातात. पण पढवायला वाईट हेतूच लागतो असं नाही. अति काळजीनेही काम होतं. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीवर आरोप झाले. शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या. बाहुल्या हातात दिल्या, "बाकीच्यांनी सांगितलं, तू पण शहाणा ना?" असं म्हणत म्हणत विचारलं. मुलं शहाणी होती. त्यांनी बोगदे सांगितले, उडणाऱ्या चेटकिणी सांगितल्या. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. तिथे खरोखर काही घडलं होतं का, हे आता देवालाही शोधता येणार नाही, कारण विचारणाऱ्यांनी सगळ्या वाटा तुडवून ठेवल्या.

त्याच देशात ऑरेगॉन राज्यात २००३ मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीला शाळेच्या वर्गातून बोलावून घेतलं. आईची परवानगी नाही, कोर्टाचा हुकूम नाही. समोर बालसेवा खात्याचा माणूस आणि शेजारी कमरेला पिस्तूल लावलेला पोलीस. सुमारे दोन तास प्रश्न, वडिलांबद्दल. पोरीने नंतर सांगितलं की शेवटी सुटका व्हावी म्हणून ती त्यांना हवं तसं 'हो' म्हणत गेली. मुलाला शाळेत असं विचारता येतं का, हा वाद चढत चढत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला. कोर्टाने २०११ मध्ये काय ठरवलं? की मुलगी आता राज्य सोडून गेली, अठरा वर्षांची व्हायला आली, तेव्हा तिच्यापुरता हा प्रश्न उरलेला नाही. तारखा पडता पडता पोर मोठं होतं आणि प्रश्न निकाली निघतो, ही युक्ती फक्त आपलीच आहे असा माझा गैरसमज होता.

आइसलँडसारख्या टीचभर देशाने मात्र १९९८ मध्ये एक साधं घर थाटलं. मूल पोलीस, डॉक्टर, कोर्ट असं दारोदार फिरत नाही. तेच सगळे त्या घरी येतात. बोलायला शिकलेला एकच माणूस मुलाशी बोलतो, बाकीचे दुसऱ्या खोलीत पडद्यावर बघतात आणि तोंड बंद ठेवतात. आपल्याकडे कुणी हे करायला घेतलं तर सगळ्यांत आधी दुसऱ्या खोलीत कुणाची खुर्ची पुढे यावरून वाद होईल.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. शेजारच्या गोव्यात मडगावला अनाथ मुलांच्या नावाखाली आश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला, १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली, आणि २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बालकायदा करून बालन्यायालय उभं केलं. पोक्सोच्या नऊ वर्षं आधी. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं की प्रत्येक हायकोर्टाच्या हद्दीत नाजूक साक्षीदारांसाठी किमान दोन वेगळी केंद्रं तीन महिन्यांत उभारा. त्या पीठावर सोलापूरशी नातं असलेले न्या. उदय लळीत होते, तेव्हा सोलापूरकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. पुढे जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हायकोर्टांना या केंद्रांची योजना दोन महिन्यांत स्वीकारायला सांगितलं. तीन महिन्यांचं काम चार वर्षांनी दोन महिन्यांवर आलं. प्रगती आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये आणखी एक आदेश झाला: मुलासोबत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक सहायक व्यक्ती हवीच, ते पालकांच्या मर्जीवर सोडू नका. कारण पालकांना विचारलं की ते म्हणतात, नको साहेब, आम्ही आहोत की. त्यांना वाटतं हा आणखी एक विचारणारा आला. या माणसाचं काम नेमकं उलटं आहे: त्याने घटनेबद्दल काही विचारायचं नसतं, तारीख कधी, जायचं कसं, पुढे काय होणार ते सांगायचं असतं. न विचारणारा माणूस पगारावर ठेवायची कल्पना आपल्याला पचत नाही.

आणि जिथे खरोखर विचारायला हवं, तिथे आपण विचारत नाही. ऊसतोडीला कोयत्यासोबत गेलेली, पाचटाच्या झोपडीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली पोर; तिला "जेवलीस का?" असं विचारणारा कुठला अधिकारी? किंवा बालविवाह घ्या. ग्रामीण भागात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. वर्दी आली की चौकशी होते. मुलीचं वय सरपंचाला विचारतात, पोलीस पाटलाला विचारतात, मामाला विचारतात, आधार कार्डाला विचारतात, मंडपवाल्याचीही साक्ष निघते. हळद लागलेली नवरी आतल्या खोलीत बसलेली असते. ती त्या अख्ख्या मांडवात स्वतःचं वय खात्रीने सांगू शकणारी एकटीच असते आणि तिलाच कुणी विचारत नाही.

असो. हा मजकूर छापून आला की दुपारपर्यंत फोन सुरू होतील, हे मला ठाऊक आहे. "लिहिलंय भारी हो. पण ते पोरीचं लिहिलंय ते कुणाचं? विडी घरकुलातलं का साखर पेठेतलं? नाव नका सांगू, नुसतं आडनाव सांगा की." कुणाचंच नाही, समजा म्हणूनच लिहिलंय. आणि कुणाचं असतं तरी पोक्सोचं कलम २३ आहे. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही बाहेर दिलं तर सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत आत, किंवा दंड, किंवा दोन्ही. हे सांगितल्यावर फोनवरचा माणूस थोडा थांबतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "बरं, नका सांगू. मी नाव घेतो, तुम्ही फक्त हो का नाही ते सांगा."